जर्मन भाषा आणि भाषांतर : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात पदवीच्या पहिल्या वर्षाला जर्मन घेणारे किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला बसणारे विद्यार्थी दरवर्षी जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. कधी ते वर्ग सुटल्यावर जिन्यात गाठतात, तर कधी परीक्षेच्या आदल्या रात्री संदेश पाठवतात. त्यांतले जे प्रश्न पुन्हापुन्हा आले तेवढेच येथे एकत्र केले आहेत. जर्मन शब्द देवनागरीत लिहिले असून शब्दाच्या शेवटी ‘ऽ’ दिसेल तेथे तोंडातल्या तोंडात विरणारा आखूड ‘अ’ समजावा.

१. माझे इंग्रजी कच्चे आहे. मला जर्मन जमेल का?

जमेल. जर्मन आणि इंग्रजी या एकाच कुळातल्या भाषा असल्यामुळे ‘हाउस’, ‘वासर’, ‘बूख’ असे शब्द इंग्रजी येणाऱ्याला लवकर ओळखू येतात, एवढा फायदा मान्य केला पाहिजे. परंतु वाक्य रचायची वेळ आली की मराठी माणसाच्या हाताशी जे आहे ते इंग्रजीत नाही. तीन लिंगे, विभक्तीप्रमाणे बदलणारी रूपे, तू आणि तुम्ही यांतला भेद, वाक्याच्या शेवटी येणारे क्रियापद, इतकेच काय, दशकाआधी एकक सांगण्याची पद्धतसुद्धा आपल्या घरची आहे. ‘एकवीस’ म्हणताना आपण आधी एक आणि मग वीस म्हणतो आणि जर्मन माणूसही ‘आइन-उंट-त्स्वांत्सिश’, म्हणजे ‘एक आणि वीस’ असेच म्हणतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची खरी अडचण पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजी सूचनांची असते आणि ती पहिल्या दोन महिन्यांत संपते. त्यामुळे डोक्यात मराठीचे आधी इंग्रजी आणि इंग्रजीचे मग जर्मन करण्याची सवय लावून घेऊ नये. (भाषांतरापुरता हाच मुद्दा प्रश्न १४ मध्ये आला आहे.)

२. ए१, ए२ या पातळ्या म्हणजे काय? विद्यापीठाचा अभ्यासक्रम केला की ए१ झाले असे समजायचे का?

या पातळ्या युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामायिक चौकटीतल्या आहेत. ए१ ही सर्वांत खालची पायरी, सी२ ही सर्वांत वरची. ए१ साठी पंचेचाळीस मिनिटांच्या सुमारे ८० ते २०० तासिका लागतात, असा जर्मन भाषा शिकवणाऱ्या ग्योटे संस्थेचा अंदाज आहे आणि या पातळीची शब्दसूची सुमारे ६५० शब्दांची असते. विद्यापीठाचे प्रमाणपत्र आणि ए१ ची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठाची परीक्षा आपला अभ्यासक्रम तपासते, त्यात व्याकरण आणि भाषांतराला मोठी जागा असते. ए१ च्या परीक्षेत भाषांतराचा प्रश्न नसतो. तेथे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी शंभरपैकी ६० गुण लागतात. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात ही परीक्षा होते. ज्यांच्या नावाने भारतातल्या ग्योटे संस्था ओळखल्या जातात ते मॅक्स म्युलर १८२३ मध्ये देसाऊ येथे जन्मले, त्यांनी ऋग्वेद संपादून छापला आणि भारतात मात्र ते एकदाही आले नाहीत.

३. जर्मन उच्चार देवनागरीत लिहून घेतले तर चालतात का?

पहिले तीन-चार आठवडे चालतात, त्यानंतर वही बदलावी. देवनागरीत बरेच काही नेमके उतरते आणि मराठीला तर एक जादा सोय आहे. आपल्याकडे ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चाक’, ‘चमचा’ यांतला वेगळा. हा दुसरा, दातांजवळचा च जर्मन वर्णमालेतल्या शेवटच्या अक्षराच्या उच्चाराच्या अगदी जवळ आहे. ‘वेळ’ या अर्थाचा ‘त्साइट’ हा शब्द ‘चाक’च्या चने सुरू करून पाहावा, तो बहुधा पहिल्याच प्रयत्नात जमतो, आणि हिंदी भाषक मित्राला तो जमायला दोन दिवस लागतात.

देवनागरी जेथे कमी पडते ती ठिकाणे म्हणजे ओठांचा चंबू करून आत ‘ई’ किंवा ‘ए’ म्हणायचे दोन स्वर. ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’ आणि त्यातला स्वर चंबू करून ‘ए’कडे नेला की ‘श्योन’, म्हणजे ‘सुंदर’. देवनागरीतला हा ‘श्यो’ म्हणजे निव्वळ तडजोड आहे, तिथे य नाहीच. शिवाय शब्दाच्या शेवटी असलेले ब, ड, ग हे उच्चारात प, ट, क होतात, म्हणून ‘दिवस’ या अर्थाचा शब्द लिहिताना शेवटी ग असतो आणि ऐकू येतो ‘टाक’. वहीत ‘टाक’ लिहून ठेवणारा विद्यार्थी परीक्षेत शुद्धलेखन चुकतो.

४. डेर, डी, डास सरळ पाठ करायचे की काही नियम आहे?

दोन्ही. ‘डेर’, ‘डी’ आणि ‘डास’ ही नामाआधी लागणारी अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी उपपदे. ‘डास’ ऐकून दरवर्षी वर्ग हसतो. तो चावत नाही, पण त्रास तेवढाच देतो. नाम शिकताना ते कधीही एकटे शिकू नये, उपपदासकट शिकावे, कारण मराठीतही आपण ‘भाकरी’ला ‘ती’ म्हणायचे हे नियमाने शिकलो नाही, घरात ऐकून शिकलो. तरीही काही प्रत्यय हमखास आहेत. ‘-उंग’, ‘-हाइट’, ‘-काइट’, ‘-शाफ्ट’ यांनी संपणारी नामे स्त्रीलिंगी असतात. वार, महिने आणि ऋतू पुल्लिंगी असतात. ‘-शेन’ आणि ‘-लाइन’ हे लहानपण दाखवणारे प्रत्यय लागले की नाम नपुंसकलिंगी होते.

या शेवटच्या नियमामुळेच ‘मेटशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी ठरते आणि इंग्रजीतून शिकणारे त्यावर फार आश्चर्य करतात. मराठी माणसाने करण्याचे कारण नाही. आपले लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू हे सगळे ‘ते’च आहेत आणि लेकरू मुलगी असले तरी आपण ‘ते लेकरू झोपले’ असेच म्हणतो. लहान जीवाला नपुंसकलिंग देण्याची ही खोड दोन्ही भाषांना आहे.

५. मग मराठीत जे लिंग तेच जर्मनमध्ये धरले तर?

धरू नये. चमचा आणि काटा आपल्याकडे पुल्लिंगी, सुरी स्त्रीलिंगी. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी आहे, म्हणजे एकाच ताटाभोवती तिन्ही लिंगे मांडलेली. सूर्य (झोनऽ) स्त्रीलिंगी आणि चंद्र (मोंट) पुल्लिंगी. मराठीचा उपयोग लिंग असते हे समजण्यापुरता आहे, कोणते असते हे सांगण्यासाठी नाही.

एक गमतीचा अपवाद मात्र मराठीनेच समजतो. ‘डेर झे’ म्हणजे तळे आणि ‘डी झे’ म्हणजे समुद्र. शब्द तोच, लिंग बदलले की अर्थ बदलतो. रंकाळा ‘डेर झे’ आहे. त्याला ‘डी’ लावलेत तर कोल्हापूर थेट किनाऱ्यावर जाते. आपल्याकडे ‘वेळ’ असाच आहे: ‘माझा वेळ गेला’ म्हणताना तो पुल्लिंगी कालावधी असतो आणि ‘वाईट वेळ आली’ म्हणताना ती स्त्रीलिंगी घटका असते.

६. ‘त्याला’ म्हणजे ‘ईन’ की ‘ईम’? द्वितीया आणि चतुर्थी ओळखायची कशी?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि दोष आपल्या ‘ला’ प्रत्ययाचा आहे. ‘मी त्याला पाहिले’ आणि ‘मी त्याला पुस्तक दिले’ यांत मराठीचे रूप एकच, जर्मनमध्ये पहिल्यात ‘ईन’, दुसऱ्यात ‘ईम’.

मी वर्गात एक चाचणी देते. वाक्यातला माणूस काढून त्या जागी निर्जीव किंवा अचल वस्तू घालावी. ‘मी मुलाला पाहिले’ याचे ‘मी घर पाहिले’ होते, ‘ला’ गळून पडतो, म्हणून जर्मनमध्ये द्वितीया. ‘मी मुलाला पाणी दिले’ याचे ‘मी झाडाला पाणी दिले’ होते, ‘ला’ चिकटून राहतो, म्हणून चतुर्थी. ‘मदत करणे’ या क्रियापदाला जर्मनमध्ये चतुर्थी का लागते, असे इंग्रजीतून शिकणारा विचारत बसतो. आपण ‘संस्थेला मदत केली’ म्हणतो, ‘संस्था मदत केली’ म्हणत नाही, तेव्हा उत्तर आपल्या तोंडातच आहे.

चाचणी तीन ठिकाणी दगा देते: विचारणे (फ्रागेन), फोन करणे (आनरूफेन) आणि भेटणे (ट्रेफेन). मराठीत या तिघांनाही ‘ला’ सुटत नाही, पण जर्मनमध्ये तिघेही द्वितीया घेतात. ही तीन क्रियापदे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.

७. ‘शहरात’ला कधी ‘इन डी श्टाट’ आणि कधी ‘इन डेर श्टाट’ असे का?

जाणे असेल तर द्वितीया, असणे असेल तर चतुर्थी. ‘मी शहरात जातो’ आणि ‘मी शहरात राहतो’ यांत मराठी फरक करत नाही, ‘कुठे’ हा प्रश्नसुद्धा दोन्हींना एकच. जर्मनमध्ये प्रश्नही दोन आहेत, ‘वोहिन’ (कुठे चाललास) आणि ‘वो’ (कुठे आहेस). येथे मराठीची मदत होत नाही, सराव हाच उपाय.

८. ‘मला थंडी वाजते’ याचे ‘इश बिन काल्ट’ केले तर चूक का धरली?

कारण त्याचा अर्थ ‘मी थंड आहे’, म्हणजे कोरड्या मनाचा, असा होऊ शकतो. बरोबर वाक्य ‘मीर इस्ट काल्ट’, आणि ‘मीर’ म्हणजे ‘मला’. मराठीत थंडी, ऊन, आवडणे, बरे वाटणे हे सगळे ‘मला’च्या खात्यावर जमा होते. जर्मनमध्येही यांतले बरेचसे तसेच आहे: ‘मीर इस्ट हाइस’ (मला गरम होते), ‘एस गेट मीर गूट’ (माझे बरे चालले आहे), ‘डास गेफेल्ट मीर’ (मला ते आवडते). ज्याने मराठीवरून सरळ वाक्य केले असते तो बरोबर आला असता. चूक होते ती मध्ये इंग्रजी घुसल्यामुळे. भूक आणि तहान मात्र जर्मन माणसाजवळ ‘असतात’: ‘इश हाबऽ हुंगर’.

९. क्रियापद कधी दुसऱ्या जागी येते आणि कधी शेवटी?

मुख्य वाक्यात दुसऱ्या जागी, गौण वाक्यात शेवटी. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा घटक. ‘आज’ हा शब्द पुढे आणलात तर कर्ता क्रियापदाच्या मागे सरकतो: ‘हॉयटऽ गेहऽ इश…’. ‘कारण’ (वाइल), ‘की’ (डास), ‘जर’ (व्हेन) यांनी वाक्य जोडले की क्रियापद शेवटी जाते: ‘वाइल इश हॉयटऽ काइनऽ त्साइट हाबऽ’, याचा क्रम शब्दाला शब्द लावला तर ‘कारण मी आज काही वेळ बाळगतो’ असा, म्हणजे मराठीच. (‘काइनऽ’ने त्यात नकार भरला आहे, तेवढे वेगळे.)

काही क्रियापदांचा तुकडा सुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. ‘इश श्टेहऽ उम झेक्स ऊअर आउफ’ म्हणजे ‘मी सहाला उठतो’. शेवटचा ‘आउफ’ वाचला नाही तर ‘मी सहाला उभा असतो’ असे काहीतरी उतरते. भाषांतर करताना पूर्णविराम दिसेपर्यंत पेन उचलू नये, हा नियम याचसाठी आहे.

१०. ‘डू’ आणि ‘झी’ म्हणजे आपले तू आणि तुम्ही. मग यात अवघड काय आहे?

अवघड असे की रेषा वेगळ्या ठिकाणी ओढली आहे. जर्मन माणूस आईला, वडिलांना, आजोबांना, देवाला आणि नवऱ्याला ‘डू’ म्हणतो. आपल्याकडे आई, आजी आणि देव ‘तू’मध्ये येतात, वडील बऱ्याच घरांत ‘तुम्ही’ असतात आणि नवऱ्याला ‘अहो’ म्हणणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत. म्हणून ‘पापा, हास्ट डू त्साइट?’ याचे मराठी करताना ‘बाबा, तुम्हाला वेळ आहे का?’ हे चूक नाही. घर कोणते आहे ते पाहून ठरवावे आणि एकदा ठरवले की परिच्छेदभर पाळावे. दुसऱ्या बाजूने दुकानदार, शेजारी, शिक्षक, अनोळखी माणूस यांना ‘झी’ म्हणावे, विद्यार्थ्यांनी आपापसांत ‘डू’ म्हणावे.

बोलण्यात ‘झी’ हा एकच उच्चार ती, ते आणि आपण या तिघांसाठी येतो. क्रियापदावरून ‘ती’ वेगळी काढता येते (‘झी कोम्ट’ म्हणजे ती येते), पण ‘झी कोमेन’ हे ‘ते येतात’ की ‘आपण येता’ हे संदर्भानेच कळते. लिखाणात आदरार्थी रूप मोठ्या अक्षराने सुरू होते. वाक्याच्या आरंभी मात्र सगळीच मोठी असतात, आणि परीक्षक नेमके तेच वाक्य देतात.

११. ‘हाल्प फिअर’ला भेटायचे ठरले आणि मी साडेचारला पोहोचलो. माझे काय चुकले?

तुम्ही तासभर उशिरा गेलात. ‘हाल्प फिअर’ म्हणजे साडेतीन. जर्मन माणूस येणारा तास सांगतो: चौथा तास अर्धा झाला. हे विचित्र वाटले तर संतवाङ्मयातला ‘औट हात’ आठवावा. ‘औट’ म्हणजे साडेतीन आणि तो ‘अर्धचतुर्थ’ या संस्कृत शब्दापासून आला, म्हणजे ‘चौथा अर्धा’. आपला ‘अडीच’ही ‘अर्धतृतीय’पासूनचा. जर्मनमध्ये दीडला ‘आंडर्टहाल्प’ असा स्वतंत्र शब्द आहे, त्याची घडण हीच. इंग्रजीत दीडला एकशब्दी नाव नाही, हे वर्गात सांगितले की कोल्हापूरकरांना उगाचच आनंद होतो.

ही रीत घड्याळापुरतीच आहे. साडेतीन शक्तिपीठांचे भाषांतर करताना ‘हाल्प फिअर’ लिहू नये, अंबाबाईच्या देवळाची वेळ सांगितल्यासारखे होते. मोजणीत ‘द्राइ-आइन-हाल्प’, म्हणजे ‘तीन-एक-अर्धा’, असेच लिहावे. जर्मनीच्या पूर्व आणि दक्षिण भागांत ‘द्राइ फिअर्टेल फिअर’ असेही ऐकू येते, ते आपले पावणेचार.

१२. अंकांचे भाषांतर करावेच लागत नाही ना?

फारच करावे लागते. जर्मन लिखाणात दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो आणि हजारांनंतर टिंब. आपल्या अगदी उलट. मी नवी असताना शिरोलीच्या एका फौंड्रीसाठी भट्टीचे माहितीपत्रक मराठीत केले होते. त्यात क्षमता ‘१.२५० किलो’ अशी छापली होती, ती मी बिनधास्त ‘सव्वा किलो’ लिहिली. साडेबाराशे किलो हवे होते. मालकांचा फोन आला, “मॅडम, एवढ्यात तर आमच्या पोरांची भजीसुद्धा तळून व्हायची नाहीत.” त्या दिवसापासून मी आधी अंकांवर पेन्सिलने खूण करते आणि मग वाक्यांकडे वळते.

मोठ्या संख्यांचेही असेच आहे. ‘मिलिओन’ म्हणजे दहा लाख, ‘मिलिआर्डऽ’ म्हणजे शंभर कोटी आणि जर्मन ‘बिलिओन’ म्हणजे एक लाख कोटी. इंग्रजी बातम्यांतला बिलियन आणि हा बिलिओन एक समजणाऱ्याची संख्या हजारपटींनी चुकते. मराठी वाचकासाठी लाख-कोटीतच लिहावे.

१३. जर्मन शब्द इतके लांब का असतात आणि ते फोडायचे कसे?

ते समास आहेत, आणि आपल्याला समास आठवीपासून माहीत आहेत. शेवटचे पद मुख्य असते, लिंगही त्याचेच लागते, म्हणून शब्द उजवीकडून वाचावा. ‘क्रांकेनहाउस’ म्हणजे रुग्ण आणि घर: रुग्णालय. ‘व्योर्टरबूख’ म्हणजे शब्दांचे पुस्तक: शब्दकोश. ‘हांटशू’ म्हणजे हाताचा बूट, आपण त्याला हातमोजा म्हणतो, म्हणजे बुटाऐवजी मोजा घातला एवढेच. दोन पदांमध्ये कधी ‘स’ किंवा ‘एन’ असा सांधा येतो, त्याला अर्थ नसतो आणि त्याचे भाषांतर करू नये.

१४. जर्मनचे थेट मराठी करावे की आधी इंग्रजी करून मग मराठी?

थेट करावे. इंग्रजीच्या पुलावरून जाताना लिंग, आदर आणि विभक्ती अशा तीन गोष्टी वाटेत सांडतात. (प्रश्न १, ८ आणि १० पाहावेत.) याखेरीज एकेका शब्दाची फसवणूक वेगळीच. ‘बेकोमेन’ म्हणजे मिळणे, होणे नव्हे. ‘गिफ्ट’ म्हणजे विष. ‘शेफ’ म्हणजे साहेब, स्वयंपाकी नव्हे. ‘ग्युम्नाझिउम’ ही माध्यमिक शाळा आहे, तेथे डंबेल्स नसतात. ‘शेफकडून गिफ्ट मिळाले’ असे वाक्य विद्यार्थी हसतहसत लिहितात, त्याचा अर्थ कळला की घाबरतात.

अडवणूक असेल तर पुलावरून जावे लागते हेही खरे. ‘शाकुंतल’ जर्मनमध्ये पहिल्यांदा गेले ते असेच: गेओर्ग फोर्स्टर यांनी १७९१ मध्ये केलेले भाषांतर विल्यम जोन्स यांच्या १७८९ च्या इंग्रजीवरून होते, आणि ते वाचून जर्मन कवी ग्योटे भारावले. फोर्स्टर यांना संस्कृत येत नव्हते. तुम्हाला मराठी येते.

१५. परीक्षेत शब्दशः भाषांतर लिहावे की आशय?

आधी व्याकरण दाखवावे लागते, कारण परीक्षक तुम्हाला विभक्ती कळली की नाही हे पाहत असतो. त्यामुळे काळ, वचन, होकार-नकार यांत सूट घेऊ नये. पण मराठी मराठीसारखेच वाचता आले पाहिजे. दोन उदाहरणे पुरेत. ‘मान श्प्रिश्ट हीअर डॉइच’ याचे ‘माणूस इथे जर्मन बोलतो’ असे भाषांतर दर वर्षी येते. हा ‘मान’ कर्ता कोणीही नाही, आणि मराठी अशा ठिकाणी कर्ता ठेवतच नाही: ‘इथे जर्मन बोलतात’. दुसरे ‘डेर मान, डेर डॉर्ट श्टेट, इस्ट माइन लेअरर’. ‘तो माणूस, जो तिथे उभा आहे, माझा शिक्षक आहे’ हे बरोबर असून परके आहे. ‘तिथे उभा असलेला माणूस माझा शिक्षक आहे’ हे आपले. मी दुसऱ्याला पूर्ण गुण देते, सगळेच परीक्षक देतील असे नाही.

जर्मन विचारवंत फ्रीडरिश श्लायरमाखर यांनी १८१३ मध्ये बर्लिनच्या व्याख्यानात हाच वाद मांडला होता: वाचकाला लेखकाकडे न्यावे की लेखकाला वाचकाकडे आणावे. त्यांचा कल पहिल्या वाटेकडे होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दुसरीने सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

१६. ‘डॉख’ या शब्दाला मराठीत काय म्हणायचे?

शब्दकोशात ‘तरीसुद्धा’ सापडेल, ते बहुतेक वेळा उपयोगाचे नाही. कोल्हापूरच्या बोलण्यातला ‘की’ घ्यावा. ‘कोम डॉख!’ म्हणजे ‘ये की!’ आणि ‘तुला वेळ नाही का?’ या नकारार्थी प्रश्नाला आलेले एकशब्दी ‘डॉख!’ म्हणजे ‘आहे की!’. अशा प्रश्नाला ‘या’ (होय) असे उत्तर दिले तर जर्मन माणूस गोंधळतो.

१७. गूळ, तांबडा रस्सा, ‘नाद खुळा’ यांचे जर्मन कसे करावे?

गुळाला विद्यार्थी ‘ब्राउनर त्सुकर’ लिहितात. ती तपकिरी साखर झाली, तिचे दाणे असतात आणि तिची ढेप होत नाही. ‘पाल्मत्सुकर’ हा ताडाचा, म्हणून तोही नको, कारण आपला गूळ उसाचा. ‘फोलरोअरत्सुकर’, म्हणजे शुद्धीकरण न केलेली उसाची साखर, हा शब्द जर्मन दुकानांत चालतो आणि पदार्थाच्या पाकिटावर तोच लिहावा. कथेत गुऱ्हाळ, काहील आणि ढेप येत असतील तर ‘गूळ’ हाच शब्द ठेवून पहिल्या उल्लेखात अर्धे वाक्य समजुतीचे घालावे.

तांबड्या रश्श्याला ‘सुपऽ’ म्हणू नये, कारण ते चमच्याने जेवणाआधी खातात. ‘ब्र्यूऽ’, म्हणजे मांसाचा रस, हा शब्द जवळचा, त्याला ‘तिखट’ आणि ‘लाल’ ही विशेषणे लावावीत. ‘नाद खुळा’चे घटक शोधू नयेत. तो उद्गार आहे आणि ‘डास इस्ट डेर हामर!’ या तरुणांच्या उद्गाराने तेवढेच काम होते. उलट दिशेने ‘गूटेन आपेटीट’ला ‘चांगली भूक’ लिहू नये. आपण पंगतीत ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो. आणि आजीच्या गोष्टीतले ‘जर्मनचे पातेले’ हे ॲल्युमिनियमचे असते, ते ‘डॉइच’ केले तर जर्मन वाचक ते आपल्या देशातून आले असे समजेल.

१८. म्हणींचे काय करावे?

समान म्हण सापडली तरी तिचा सूर तपासावा. ‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ असे आपण म्हणतो, तर जर्मन म्हण सांगते की चांगल्या गोष्टी नेहमी तीन असतात. ‘तुझ्यासाठी अंगठे दाबतो’ असे जर्मन मित्राने लिहिले तर तो यश चिंतीत आहे. अंगठा दाखवीत नाही.

१९. मोबाइलवरचे भाषांतर वापरले तर काय बिघडते?

शब्द शोधायला वापरावे, वाक्य उतरवायला नाही. ‘माइनऽ टांटऽ’ टाकून पाहावे. उत्तर बहुधा ‘माझी काकू’ येते. गोष्टीत ती आईची बहीण असेल तर ती मावशी, वडिलांची असेल तर आत्या, मामाची बायको असेल तर मामी. जर्मनमध्ये एक ‘टांटऽ’, मराठीत चार नाती. चार पाने पुढे वाचून ठरवायचे काम यंत्र तुमच्यासाठी करत नाही, आणि परीक्षकाला ‘काकू’ दिसली की उत्तर कुठून आले ते कळते.

२०. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये वेगळी जर्मन असते का? ती चुकीची धरतात का?

चुकीची धरत नाहीत. ऑस्ट्रियात जानेवारीला ‘येनर’ आणि बटाट्याला ‘एर्टएप्फेल’ म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये दुहेरी ‘स’चे विशेष अक्षर वापरतच नाहीत, साधे दोन ‘स’ लिहितात. उत्तरपत्रिकेत एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवावी.

२१. माझ्या जन्मदाखल्याचे जर्मन भाषांतर मीच करून दिले तर जर्मनीत चालेल का?

सामान्यतः चालत नाही. जर्मन कार्यालये बहुतेक वेळा न्यायालयाने शपथ दिलेल्या किंवा अधिकृत केलेल्या भाषांतरकाराची सही आणि शिक्का मागतात. ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे त्यालाच आधी लेखी विचारून घ्यावे. गावांची नावे आणि वडिलांचे नाव पारपत्रावर जसे आहे अक्षरशः तसेच लिहून द्यावे, पुढे अडते ते याच ठिकाणी.

२२. ए१ झाल्यावर भाषांतराचे काम मिळते का?

लगेच नाही. जर्मनमध्ये लेखी भाषांतरकाराला ‘युबरझेत्सर’ आणि तोंडी दुभाष्याला ‘डोलमेचर’ असे दोन वेगळे शब्द आहेत, कारण ती दोन वेगळी कामे आहेत. ए१ वर दोन्हींपैकी एकही झेपत नाही. बी२ च्या, म्हणजे खालून चौथ्या पायरीच्या, आसपास शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतले तांत्रिक कागद हाताळता येऊ लागतात, आणि तेथे भाषेइतकीच साचा, ओतकाम, भट्टी यांची माहिती लागते. एखाद्या फौंड्रीत दोन दिवस उभे राहून कामगार कोणत्या वस्तूला काय म्हणतात ते वहीत टिपून घ्यावे. जर्मन शब्द कोशात सापडतो, मराठी शब्द तेथेच मिळतो.